बिनविरोध गावातला विरोधक

गुरुजी,

मी सरपंच झाले. जागा महिलांसाठी राखीव निघाली, बाबांचं नाव गावात होतंच, आणि सगळ्या पाड्यांनी बसून ठरवलं की निवडणूक नको, भांडणं नकोत, हिलाच करून टाकू. दुसऱ्या कुणी फॉर्मच भरला नाही. बिनविरोध गाव म्हणून तालुक्याला आमचा सत्कार झाला. शाल, नारळ आणि एक मोठं भाषण, की एकमत कसं असावं ते या गावाकडून शिका. मी शाल सावरत स्टेजवर बसले होते आणि सारखी मागच्या रांगेकडे बघत होते. वाटत होतं, आता तुम्ही उठाल आणि म्हणाल, "माझा एक प्रश्न आहे." कुणी उठलं नाही. भाषण संपलं आणि नाश्ता आला.

तुम्ही गेलात त्याला बरीच वर्षं झाली. बाबा तुमच्या मयताला आले होते, ते तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. घरी येऊन हातपाय धुतले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "आता सभा लवकर संपतील." त्यांचं म्हणणं खरं निघालं. तुमच्या वेळी दुपारी सुरू झालेली सभा दिवेलागणीला संपायची आणि बाबा घसा बसवून घरी यायचे. तुमच्यानंतर सभा चहा उकळायच्या आत उरकायला लागली. शिपाई आईकडे येऊन तक्रार करायचा की सगळे सह्या करून निघून जातात, मी एवढा चहा करतो तो कुणाला देऊ.

मला तुम्ही आधी शाळेतले आठवता. सातवीत असताना संमेलनाचं चाललं होतं आणि मी उभी राहून म्हणाले की दरवर्षी तारप्याचा नाच असतो, या वर्षी तारपा नको. मुलींनी मान डोलावली, मला फार बरं वाटलं. तुम्ही खडू खाली ठेवलात. "नको. बरं. मग काय?" मी म्हटलं, "काय म्हणजे? नको." तुम्ही म्हणालात, "नको म्हणणं हे अर्धं वाक्य झालं. उरलेलं सुचलं की सांग, तोवर दाराशी उभी राहा." मी दाराशी उभी आहे. भूगोल होतो, गणित होतं, खिचडीचा वास यायला लागतो. मुली एकेक करून माझ्या अंगावरून ताट घेऊन जातात. भुकेने माझं डोकं चालायला लागतं आणि मी ओरडते, "नाटक." तुम्ही शांतपणे म्हणता, "छान. मग ते तू लिही." हरवलेल्या बकरीवर मी नाटक लिहिलं. त्यात बकरीचं काम करायला कुणी तयार होईना म्हणून खरी बकरी आणली, तिने मुख्य पाहुण्यांसमोरचा हार खाल्ला आणि शेवटी तारप्याचा नाच करूनच वेळ भागवावी लागली. तुम्ही मला रागावला नाहीत. म्हणालात, "पुढच्या वर्षी बकरीशिवाय."

निवृत्त झाल्यावर तुम्ही ग्रामपंचायतीत निवडून आलात आणि आमच्या घरात तुमचं नाव घ्यायचं बंद झालं. बाबा सरपंच होते आणि बाकीचे सगळे सदस्य बाबांचे. बाबा तुम्हाला "तो मास्तर" म्हणायचे. सगळ्यात जास्त तुम्ही त्यांना छळलंत ते भोंग्यावरून. पंचायतीच्या छपरावर भोंगा बसवायचा आणि सगळ्या पाड्यांना एकदम सूचना द्यायच्या, अशी बाबांची फार हौस होती. तुम्ही म्हणालात, भोंग्याचे पैसे कुठून आणणार, दिवाबत्तीतून काढले तर खांबावरचे दिवे जातील, म्हणून भोंगा नको. बाबांना वाटलं आता सापडला मास्तर. ते म्हणाले, "मग काय? सूचना कोण देणार?" तुम्ही म्हणालात, "मी देतो." आणि खरंच, सबंध पावसाळा तुम्ही छत्री घेऊन पाड्यापाड्यावर फिरलात. पण गुरुजी, तुम्ही नुसती सूचना द्यायचा नाहीत. आमच्या ओट्यासमोर उभं राहूनही तुम्ही ओरडून सांगितलंत, "सरपंचांनी असं असं ठरवलं आहे. याला माझा विरोध आहे. कारण सांगतो." बाबा आत खाटेवर बसून स्वतःच्याच निर्णयाविरुद्धचं भाषण ऐकत होते. पाऊस उघडायच्या आत त्यांनी स्वतःच्या खिशातून भोंगा आणला, आणि तुम्ही सभेत त्यांचं अभिनंदन केलंत की पंचायतीचा पैसा वाचला. त्या अभिनंदनाने बाबा जितके चिडले तितके विरोधाने कधी चिडले नव्हते.

आणि सभा संपली की तुमची घरची वाट आमच्याच दारावरून. आई हाक मारायची, "गुरुजी, चहा घेऊन जा." बाबा ओट्यावर तोंड फिरवून बसलेले, तुम्ही त्यांना नमस्कार करून सरळ चुलीपाशी. एकदा तिने नाचणीची भाकर आणि भाजलेल्या सुक्या बोंबलाची चटणी वाढली होती. तुम्ही चटणीला बोट लावून म्हणालात, "मीठ कमी आहे." आई भाकर थापता थापता म्हणाली, "कमी आहे. मग काय?" तुम्ही इतके हसलात की ठसका लागला आणि बाहेरून बाबांनी विचारलं, कोण मेलं. मीठ तुम्ही वरून घेतलंत.

माझं लग्न गावातल्या गावातच झालं. त्यात सगळ्यांनी भांडी दिली. तुम्ही चकचकीत कागदात बांधून एक जाड पुस्तक दिलंत. सासूबाईंना वाटलं पोथी आहे. त्यांनी कागद न काढताच ते देव्हाऱ्यात ठेवलं आणि वर्षानुवर्षं त्याला हळदकुंकू वाहिलं. सरपंच झाल्यावर मी ते उघडलं तर आत ग्रामपंचायतीचा कायदा. माझ्या सासूबाई इतकी वर्षं कर आणि फी या प्रकरणाची पूजा करत होत्या.

आता इकडचं सांगते. सरपंच झाल्याच्या आनंदात मी पहिल्याच सभेत पाणीपट्टी माफ केली. टाळ्या पडल्या. मग उपसरपंच म्हणाले की रस्त्याला गावाची कमान पाहिजे, मोठी, वर सगळ्यांचे फोटो. त्यांचा अच्छाडला हायवेवर ढाबा आहे. गुजराती ड्रायव्हरांशी बोलून बोलून त्यांना कशालाही "थई जशे" म्हणायची सवय लागली आहे, म्हणजे होऊन जाईल. मी म्हटलं, पैसे? ते म्हणाले, "ताई, थई जशे." पुन्हा टाळ्या. मग क्रिकेटच्या बक्षिसांना मंजुरी, मैदानाच्या मोठ्या दिव्याला मंजुरी. अंदाजपत्रक करायला बसलो तेव्हा खर्चाचं पान भरून वाहत होतं आणि जमेच्या पानावर घरपट्टी एकटीच बसली होती. मी ग्रामसेवकांना म्हटलं, "भाऊ, ही तर तूट आहे."

ते म्हणाले, "आहे. पण दाखवता येत नाही, मॅडम. तुटीचं अंदाजपत्रक वरून परत येतं."

"मग?"

"शिलकीचं करायचं," असं म्हणून त्यांनी जमेच्या बाजूला लिहायला घेतलं. कोंडवाड्याची फी. आपल्या कोंडवाड्याची भिंत कधीच पडली, त्यात आता गुरं आपणहून ये-जा करतात, पण त्यातून भरघोस जमा अपेक्षित. आठवडी बाजाराचा कर. आपल्याकडे बाजार भरत नाही, सगळे तलासरीला जातात, पण भरला तर कर येईलच. तरीही जुळेना, तेव्हा सगळ्यात खाली त्यांनी "इतर" असं लिहून राहिलेला सगळा आकडा त्यात घातला. त्यांचा चेहरा इतका समाधानी होता की मी ते पान तसंच सभेपुढे नेलं. सभेत मी आकडे वाचायला तोंड उघडलं आणि सगळे म्हणाले, "मंजूर."

मला खटकलं. पुढच्या सभेत मी मुद्दाम, सरळ चेहऱ्याने एक विषय वाचला: गावात बोटीसाठी धक्का बांधणे, झाईला समुद्रावर असतो तसा. गुरुजी, आपलं गाव डोंगराच्या पायथ्याशी आहे. ओढा आहे, तो दिवाळीनंतर आटतो. सगळे म्हणाले, "मंजूर." सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला. मी थांबले. वाटलं, आता कुणीतरी हसेल. वरच्या पाड्याच्या सदस्याने हात वर केला. माझा जीव भांड्यात पडला. तो म्हणाला, "ताई, आमच्या पाड्यालाही एक धक्का पाहिजे. दरवेळी सगळं खालीच होतं."

त्यानंतर चैत्रात वीजवाल्यांनी पंपाचं कनेक्शन कापलं. बिल भरलं नव्हतं, कारण घरपट्टी कमानीसाठी राखून ठेवली होती आणि कोंडवाड्यातून काही आलं नव्हतं. नळ कोरडे झाले आणि बायका पुन्हा हंडे घेऊन खालच्या विहिरीवर. तिथे पाणी इतकं खोल गेलेलं की एक हंडा भरायला दोराला तिघी लागतात. मी तिथे गेले ती शिव्या खायच्या तयारीने. माझ्या वर्गातली एक होती, नाटकाच्या वेळी बकरी धरणारी. तिच्या तळहाताची साल निघाली होती. मी म्हटलं, "मला बोल काहीतरी." ती म्हणाली, "तुला काय बोलू. तू आपली आहेस. होतं असं." सगळ्याजणी म्हणाल्या, होतं असं. गुरुजी, एकीने जरी डोक्यात कळशी घातली असती तरी मला बरं वाटलं असतं. घरी येताना मला कळलं की मी काहीही केलं तरी या गावात मला कुणी थांबवणार नाही, आणि मला स्वतःला थांबता येत नाही हे तर दिसलंच होतं.

म्हणून मी विरोधक शोधायला निघाले. वरच्या पाड्याच्या सदस्याला विचारलं, तो म्हणाला, "मला आवडेल, पण तुमच्या मावशीकडून आपलं नातं लागतं." उपसरपंचांना विचारलं. ते जरा विचारात पडले आणि म्हणाले, "ताई, विरोध करण्याचा ठराव आणा. मी अनुमोदन देतो."

आई गेल्यापासून बाबा माझ्याकडेच राहतात. सासूबाई आता नाहीत, नवरा उंबरगावच्या कंपनीत पाळीवर, मुलं शाळेत, त्यामुळे दिवसभर घरात आम्ही दोघंच. त्या दुपारी ते जेवत होते आणि आमटी पातळ आहे, भात चिकट आहे, विहिरीचं पाणी गढूळ आहे असं ओळीने सांगत होते. मी ऐकत होते आणि एकदम म्हटलं, "बाबा, ग्रामसभेत विरोध करता का माझ्या?"

त्यांचा घास थांबला. "मी? पोरीच्या? लोक काय म्हणतील?"

"म्हणतील काहीतरी. सध्या काहीच म्हणत नाहीत, तेच तर दुखणं आहे."

"त्या मास्तरासारखं उठून उभं राहायचं? या वयात?" असं म्हणून ते हात धुवायला उठले. विषय संपला असं मला वाटलं. पण संध्याकाळी पाहते तर देव्हाऱ्यातला कायदा त्यांच्या मांडीवर, चष्मा नाकावर, बोटं कुंकवाने लाल. मी विचारलं, कोणता मुद्दा काढणार आहात. त्यांनी पुस्तक मिटलं. "सत्ताधाऱ्यांना आधी सांगायचं नसतं." पुढचे काही दिवस ते काठी टेकत पाड्यापाड्यावर जाऊन येत होते आणि घरी माझ्याशी फक्त हवापाण्याचं बोलत होते.

एक मेची ग्रामसभा तुमच्या शाळेच्या व्हरांड्यात होती. सुधारित अंदाजपत्रक होतं आणि कमानीचं काम द्यायचं होतं. मी विषय वाचला, "मंजूर" म्हणायला तोंडं उघडली, आणि मागून काठी आपटल्याचा आवाज आला. "नामंजूर," बाबा म्हणाले. "कमान नको."

ग्रामसेवकांच्या हातून पेनाचं टोपण पडलं. लोकांना वाटलं आमच्या घरात काहीतरी बिनसलं. एक म्हातारी शेजारणीला विचारत होती, हिने त्यांना जेवायला घातलं नाही का. माझ्या तोंडातून आलं ते तुमचंच. "कमान नको. बरं. मग काय?"

बाबा याचीच वाट बघत होते. म्हणाले, "कमानीखालून जायला आधी गावात माणसं राहिली पाहिजेत. पाणी नसेल तर सगळे चिकूच्या वाडीवाल्यांच्या चाळीत मजुरीला राहायला जातील. कमानीचे पैसे विजेच्या बिलाला द्या. त्यातून मागचं फिटेल, पुढचं नाही. म्हणून पाणीपट्टी परत लावा. पहिल्यापेक्षा निम्मी लावा, पण लावा. मी सगळ्या पाड्यांवर विचारून आलो. पाणी येणार असेल तर बायका द्यायला तयार आहेत. पट्टीची माफी मागायला कुणी गेलंच नव्हतं हिच्याकडे. हिलाच हौस."

बायकांमध्ये हसू पसरलं. बकरीवाली माझी मैत्रीण उठून म्हणाली, "खरं आहे. दोर ओढण्यापेक्षा पट्टी बरी." ती विहिरीवर हे का बोलली नव्हती, देव जाणे. बाबांचं अजून संपलं नव्हतं. "आणि ज्याच्या घरी दोन नळ, त्याला दुप्पट. गावात असं घर एकच आहे. सरपंचांचं."

माझे कान तापले. मी म्हटलं, "बाबा, माझ्या सासरी तो दुसरा नळ तुम्हीच बसवलात. तुम्ही सरपंच असताना."

"बसवला," ते म्हणाले. "तेव्हा गुरुजींनी विरोध केला होता. त्यांचं बरोबर होतं. मी ऐकलं नाही." आणि खाली बसले.

गुरुजी म्हणाले ते. मास्तर नाही म्हणाले. ते ज्या खांबाला टेकून बसले होते तो तुमच्या वर्गाच्या दाराजवळचा. मी पुढचा विषय वाचायला घेतला तर मला अक्षरं नीट दिसेनात, म्हणून मी ग्रामसेवकांना वाचायला सांगितलं. त्यांनी घाबरत घाबरत कोंडवाडा खोडला, बाजार खोडला, "इतर" खोडलं. कमान गेली, मोठा दिवा गेला, क्रिकेटला फक्त चेंडू राहिले. जमा आणि खर्च कसेबसे जुळले, खरोखरचे. ग्रामसेवक त्या पानाकडे अनोळखी पाहुण्याकडे बघावं तसे बघत होते. धक्क्याचा ठरावही रद्द झाला. वरच्या पाड्याचा सदस्य तेवढा नाराज आहे.

कमानीचे पैसे बिलाला गेले आणि पंप सुरू झाला. आता दर सभेला गर्दी असते, चहा पुरत नाही. बाबा गुडघेदुखी विसरले आहेत. उपसरपंचांनी पाहिलं की विरोधाला टाळ्या पडतात, तेव्हापासून तेही प्रत्येक विषयाला "नको" म्हणतात. मग काय, असं विचारलं की "थई जशे" म्हणतात. त्यांना दाराशी उभं करण्याची कायद्यात सोय नाही, मी बघितलं. बाबांना मात्र सगळं येतं. माझं मानधन कशासाठी, हा त्यांचा पुढच्या सभेचा प्रश्न आहे. मी लोकांना सांगते की विरोध असावा तर असा, तोडणारा नाही, जोडणारा. तालुक्याच्या बैठकीतही सांगून आले. साहेबांनी मान डोलावली. बिनविरोध गावाचं बक्षीस परत घेता येतं का, असं कुणीतरी हळूच विचारत होतं.

हे पत्र पाठवायचं कुठे, हा प्रश्नच नाही. कपाटात साड्यांखाली राहील. बाबांच्या हाती लागू नये एवढंच, नाहीतर त्यातही त्यांना हरकत सापडेल. पण तुम्हाला म्हणून सांगते. विरोध मीच मागवला होता, तो हवा तसा मिळाला, गावाचं भलं झालं, हे सगळं मला पटलं आहे. फक्त चारचौघांत त्यांनी मला "हिलाच हौस" म्हटलं, ते अजून गेलेलं नाही. आज सकाळी ओट्यावरून त्यांनी विचारलं, चहा मिळेल का अजून एक. मी म्हटलं, दूध संपलं.

दूध होतं.